नदीपलीकडचे गाव
(बाबा आमटे यांच्या पुण्यतिथीनिमित्त)



जानेवारी महिन्याचा शेवटचा रविवार जगभर कुष्ठरोग दिन म्हणून पाळला जातो. राऊल फॉलेरो नावाच्या एका फ्रेंच कॅथोलिक प्रापंचिकाने १९५४ साली त्याची सुरुवात केली. आपल्या देशात हा दिवस महात्मा गांधींच्या पुण्यतिथीला, ३० जानेवारीला पाळण्याची पद्धत आहे. त्यानंतर दहाच दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, बाबा आमटे यांची पुण्यतिथी येते. बाबा आणि त्यांचे आनंदवन यांची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत असताना ऐकलेली आहे. पण आनंदवन उभे राहिल्यावर बाबा तेथेच थांबले नाहीत. साठीच्या उंबरठ्यावर, मणक्याचे दुखणे अंगावर घेऊन, ते नद्यांनी वेढलेल्या एका जंगलातल्या गावाकडे वळले. त्या गावाची गोष्ट तुलनेने कमी सांगितली जाते. म्हणून या वेळी आम्ही ती सांगायचे ठरवले आहे.

ते गाव आपल्याला वाटते तितके परके नाही. आपल्या बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून, गेवराई, माजलगाव आणि परळी तालुक्यांना लागून गोदावरी वाहते. राक्षसभुवनच्या घाटावरून पुढे गेलेले पाणी नांदेडमार्गे तेलंगणात उतरते आणि सिरोंच्यापाशी पुन्हा महाराष्ट्राच्या सीमेला येऊन भिडते. तेथे गोदावरीला आधी प्राणहिता मिळते आणि थोडे खाली गेल्यावर इंद्रावती. त्या इंद्रावतीच्या काठाने वर जंगलात गेले की भामरागड लागते आणि त्याच्या अलीकडे तीनेक किलोमीटरवर हेमलकसा. आपण पावसाची वाट पाहणारी माणसे. त्या गावात मात्र पाऊस आला की जगाचा दरवाजा बंद होत असे.

श्रीमंत घरातला मुलगा

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. घराणे जमीनदाराचे. वडील सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर. वरोऱ्याजवळ गोरजे येथे त्यांची मोठी शेतीवाडी होती. घरात लाडाने त्यांना लहानपणापासूनच बाबा म्हणत. पुढे सगळ्या महाराष्ट्राने जे नाव घेतले ते असे घरातलेच होते.

तरुणपणी बाबांना कशाचीच कमतरता नव्हती. शिकारीचा नाद होता, स्वतःची बंदूक होती. फिरायला स्पोर्ट्स कार होती आणि तिच्या बैठकीवर वाघराचे कातडे घातलेले असे. इंग्रजी चित्रपटांचे तर त्यांना वेडच होते. चित्रपटांवर ते इंग्रजी मासिकात परीक्षणे लिहीत आणि परदेशातल्या नटनट्यांशी त्यांचा पत्रव्यवहार चाले. पण याच मुलाला नोकरांच्या पंगतीला बसण्याची आणि खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांबरोबर खेळण्याची खोड होती. त्यासाठी घरात बोलणी खावी लागत. ती खाऊनही खोड गेली नाही.

१९३६ साली वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी वकिली सुरू केली आणि ती चांगली चालली. १९४२ च्या चले जाव आंदोलनात पकडलेल्या लोकांच्या बचावासाठी ते उभे राहिले. सेवाग्रामला गांधीजींकडे त्यांचे जाणेयेणे असे. रेल्वेच्या डब्यात एका तरुणीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले, तेव्हा गांधीजींनी त्यांना अभयसाधक असे नाव दिले. १९४६ च्या डिसेंबरमध्ये त्यांचे लग्न इंदू घुले यांच्याशी झाले. त्याच पुढे साधनाताई म्हणून ओळखल्या गेल्या. बाबांच्या पुढच्या सगळ्या आयुष्यात अर्धा वाटा साधनाताईंचा आहे. हे आम्ही शिष्टाचार म्हणून लिहीत नाही. घर, गोठा, स्वयंपाक, रोग्यांची सेवा आणि दोन मुलांचे संगोपन या बाईने सांभाळले नसते, तर पुढचे काहीच घडले नसते.

गटाराच्या कडेचा माणूस

वरोऱ्याच्या नगरपालिकेत बाबा उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांची मागणी त्यांच्यापुढे आली, तेव्हा आधी आपण ते काम करून पाहावे असे त्यांना वाटले. मग कित्येक महिने ते स्वतः डोक्यावरून मैला वाहू लागले. जमीनदाराचा वकील मुलगा मैल्याची पाटी घेऊन चाललेला पाहून गाव हसले, नातेवाईक रागावले.

त्या दिवसांत एका पावसाळी संध्याकाळी गटाराच्या कडेला त्यांना काहीतरी पडलेले दिसले. आधी ते कापडाचे गाठोडे वाटले. जवळ गेल्यावर कळले की तो माणूस आहे. कुष्ठरोगाने त्याची बोटे झडून गेली होती, जखमांत अळ्या होत्या, आणि तो अजून जिवंत होता. त्याचे नाव तुळशीराम. गोऱ्या सैनिकांना न घाबरलेले बाबा त्या माणसाला पाहून घाबरले आणि तेथून पळाले.

घरी पोचल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते परत गेले, पावसापासून आडोसा म्हणून तुळशीरामच्या अंगावर तट्ट्या घातला, त्याला खाऊ घातले, त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम फार दिवस जगला नाही. पण त्या भीतीने बाबांना कित्येक महिने झोपू दिले नाही. जेथे भीती आहे तेथे प्रेम राहत नाही, म्हणून ज्याची भीती वाटते त्याच्याजवळच जाऊन राहायचे, असे त्यांनी ठरवले. त्यांच्या पुढच्या प्रत्येक निर्णयामागे हाच विचार दिसतो.

आनंदवन

बाबा डॉक्टर नव्हते. तरीही कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. संशोधनासाठी माणसाच्या शरीरात या रोगाचे जंतू टोचून पाहायचे होते, तेव्हा त्यांनी आपले शरीर पुढे केले. तो प्रयोग यशस्वी झाला नाही आणि बाबांना रोगही झाला नाही.

१९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. वरोऱ्याजवळची खडकाळ, झुडपांनी भरलेली जमीन सरकारने दिली. साधनाताई, दोन तान्ही मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये एवढ्या भांडवलावर काम सुरू झाले. १९५१ च्या जूनमध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. झडलेल्या बोटांच्या माणसांनी विहिरी खणल्या, शेती केली, घरे बांधली. भीक मागून जगणारे आता आपले धान्य आणि भाजीपाला पिकवून विकू लागले. पुढे तेथे शाळा आल्या, महाविद्यालय आले. १९६७ साली मूलजवळ सोमनाथ येथे दुसरा प्रकल्प सुरू झाला. तेथील श्रमसंस्कार छावणीत दर उन्हाळ्यात महाराष्ट्रभरचे तरुण येऊ लागले. आपल्या मराठवाड्यातूनही अनेक जण तेथे घाम गाळून आले आहेत.

एवढे झाल्यावर कोणीही म्हटले असते की आता पुरे. आनंदवन पाहायला देशोदेशीचे पाहुणे येत होते. १९७१ साली पद्मश्री मिळाली होती. मणक्याचे दुखणे मात्र वाढत चालले होते. पुढे तर त्यांना बसणेच अशक्य झाले. एक तर चालायचे, नाही तर आडवे पडायचे, अशीच त्यांची उरलेली वर्षे गेली.

तीन नद्यांच्या काठी

१९७० च्या सुमारास बाबा आपल्या दोन्ही मुलांना, विकास आणि प्रकाश यांना घेऊन भामरागडच्या बाजूला सहलीला गेले. दोघेही तेव्हा नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेत होते. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांचा तेथे संगम होतो. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू यांचे इतके दाट जंगल की दिवसासुद्धा खाली अंधार वाटावा. जागा डोळ्यांचे पारणे फेडणारी होती. पण बाबांचे लक्ष नद्यांवरून माणसांवर गेले. या पाहुण्यांना पाहताच तेथील माडिया माणसे जंगलात पळून जात होती.

ती का पळत होती हे समजून घेतले पाहिजे. माडिया हे गोंडांपैकी एक लोक. दहापंधरा झोपड्यांचे एक गाव, कुडाच्या भिंती, वर गवताचे छप्पर, मधोमध तरुणांचे गोटुल. जंगलाचा तुकडा तोडून, जाळून त्यात थोडे भात, थोडी कुटकी पेरायची. उरलेले पोट जंगलाने आणि नदीने भरायचे. कंदमुळे, मोहाची फुले, मासे, तिरकामठ्याने मारलेली शिकार, तांबड्या मुंग्यांची चटणी, आणि झाडापासून काढलेली गोरगा ही ताडीसारखी पेय. थंडीत अंगावर पांघरायला कपडा नाही, म्हणून रात्रभर शेकोटीजवळ झोपायचे. झोपेत कूस बदलताना किती तरी मुले आणि म्हातारी माणसे भाजत.

बाहेरून त्यांच्याकडे येणारे लोक म्हणजे व्यापारी आणि सरकारी माणसे. व्यापारी मूठभर मिठाच्या बदल्यात त्यांच्याकडून चारोळी आणि डिंक नेत. समुद्रापासून शेकडो मैलांवरच्या त्या जंगलात मीठ हीच खरी संपत्ती होती आणि चारोळीची बाजारातील किंमत माडियांना माहीत नव्हती. सरकारी माणूस आला की कोंबडी, बकरी किंवा फुकटची मजुरी द्यावी लागे. पॅंट घातलेला माणूस दिसला की पळायचे, हा धडा त्यांना अनुभवाने दिला होता. त्यांची भाषा बाहेरच्या कोणाला येत नव्हती आणि त्यांना मराठी येत नव्हती. तेव्हा हा सगळा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. जिल्ह्याच्या गावी जाऊन दाद मागायची तर आधी जंगल, मग नदी, मग पुन्हा जंगल तुडवायचे होते.

आजारपण आले तर गावचा पुजारी हाच एक आधार. हिवताप त्या जंगलाच्या पाचवीला पुजलेला. तो डोक्यात गेला की धडधाकट माणूस दोनतीन दिवसांत बेशुद्ध होऊन दगावे. खरूज, हगवण, साप, अस्वलाचा हल्ला, अडलेले बाळंतपण यांपैकी कशावरही औषध म्हणून मिळत नव्हते. रोगी बरा झाला तर देवाची कृपा, नाही तर त्याचे भोग संपले, एवढेच लोकांना ठाऊक होते.

बाबांनी हे पाहिले आणि तुळशीरामपासून पळालेला तो दिवस त्यांना आठवला असावा, असे आम्हाला वाटते. फरक एवढाच की या वेळी पळणारे दुसरे होते आणि त्यांना घाबरवणारे आपण होतो.

डिसेंबर १९७३

येथे काम सुरू करायचे, असे बाबांनी घरी सांगितले. आपली तब्येत साथ देणार नाही हेही त्यांना कळत होते. तेव्हा धाकटा मुलगा प्रकाश याने ही जबाबदारी आपण घेतो असे सांगितले. जमिनीच्या परवानगीसाठी सरकारदरबारी खेटे घालण्यात काही वर्षे गेली. शेवटी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशात लोक बिरादरी प्रकल्पाची सुरुवात झाली. बाबांना एकोणसाठ वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते.

वरोऱ्याहून ती जागा सुमारे अडीचशे किलोमीटर. आलापल्लीच्या पुढे रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता. झाडे तोडून झोपड्या उभ्या केल्या. आनंदवनात बरे झालेले कुष्ठरोगी या कामात पुढे होते. ज्यांना समाजाने गावाबाहेर काढले होते, तेच आता समाजाने विसरलेल्या दुसऱ्या माणसांसाठी घरे बांधत होते. आम्हाला या संपूर्ण कथेत याहून मोठे दृश्य दिसत नाही.

प्रकाशने पदव्युत्तर शिक्षण अर्ध्यावर सोडले. त्याची पत्नी मंदाकिनी हीसुद्धा डॉक्टर. शहरात वाढलेली ती मुलगी लग्नानंतर या झोपडीत राहायला आली. आणखी काही तरुण कार्यकर्ते बाबांच्या शब्दाखातर येऊन मिळाले आणि आयुष्यभर तेथेच राहिले. वीज नव्हती, फोन नव्हता, भाजी मिळत नव्हती. रात्री कंदिलाभोवती साप फिरत.

दवाखाना उघडला, पण रोगी येईनात. औषधाची पेटी घेऊन कार्यकर्ते गावोगाव फिरले, तरी माणसे दारे ओढून घेत किंवा रानात पळत. येथे बाबांची खरी शिकवण उपयोगी पडली. आपण भले करायला आलो आहोत हे लोकांनी ओळखलेच पाहिजे असा हट्ट त्यांनी धरला नाही. लोक कधी यायचे ते लोक ठरवतील, आपण फक्त तेथे असले पाहिजे. डॉक्टर दांपत्य माडिया भाषा शिकू लागले. अंगभर कपडे घातलेल्या माणसाची या लोकांना भीती वाटते हे पाहून डॉ. प्रकाश यांनी पॅंट-शर्ट सोडला आणि अर्धी चड्डी व बनियन एवढाच वेष ठेवला. पुढे मोठमोठ्या समारंभांतही तो साधेपणा सुटला नाही.

सुरुवातीच्या रोग्यांमध्ये फेफऱ्याचा झटका येऊन विस्तवात पडलेला एक माणूस होता. सगळे उपाय हरल्यावर, आता जाणारच आहे तर तेथे नेऊन पाहू, अशा विचाराने त्याला आणले गेले. रोज जखमा धुणे, मलमपट्टी, औषध. तो बरा झाला आणि आपल्या पायांनी घरी गेला. हिवतापाने बेशुद्ध पडलेले रोगीही शुद्धीवर येऊ लागले. मग जंगलात बातमी पसरली. दोनदोन, तीनतीन दिवस चालत, खाटेची डोली करून लोक रोगी आणू लागले. नातेवाईक झाडाखाली चूल मांडून राहत आणि माणूस बरा झाल्यावर त्याला घेऊन जात. पुढे गावचे पुजारीही औषध घ्यायला येऊ लागले. त्यांच्या देवाला किंवा रीतीला कोणी नावे ठेवली नाहीत, म्हणून त्यांनाही येताना कमीपणा वाटला नाही.

१९७५ साली स्विसएड या संस्थेच्या मदतीने छोटे रुग्णालय उभे राहिले. तरीही वीज येण्यास पुढे बरीच वर्षे लागली. तोपर्यंत कंदिलाच्या आणि बॅटरीच्या उजेडात, पुस्तक वाचून, कधी न केलेल्या शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. अस्वलाने फाडलेले चेहरे शिवले गेले, मोतीबिंदू काढले गेले, अडलेल्या बाया सुटल्या. काही रोगी वाचलेही नाहीत. त्या वेळी शोक करणाऱ्यांच्या शेजारी बसून राहणे एवढेच हाती असे.

पावसाळ्याचा पहारा

या गावात वर्षाचे दोन भाग पडत. जून उजाडायच्या आत सहा महिन्यांचे धान्य, मीठ, रॉकेल आणि औषधे आणून ठेवायची. एकदा पर्लकोटेला पूर आला की भामरागड एकीकडे आणि बाकीचे जग दुसरीकडे. ओढेनाले फुगून वाटा बंद होत. पत्र यायला आठवडे लागत. घरात कोणी वारले तरी बातमी नदी उतरल्यावर कळायची. आणि नेमका याच दिवसांत हिवताप जोर करी. ज्या दिवसांत डॉक्टरची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवसांत वाट बंद. म्हणून अशा ठिकाणी डॉक्टरने येऊनजाऊन भागत नाही. त्याने तेथे राहावेच लागते. बाबांनी हे आधी ओळखले होते. महिन्याला एक शिबिर घेण्याचा सोपा मार्ग त्यांना उपलब्ध होता. त्यांनी आपले मूलच तेथे ठेवले.

पुढे रस्ता झाला, पूल झाले, तरी नदीने आपला हक्क सोडलेला नाही. २०१९ च्या पावसाळ्यातही पर्लकोटेच्या पुराने भामरागड पुन्हा पुन्हा पाण्याखाली गेले होते.

१९७६ साली हेमलकशात मुलांसाठी आश्रमशाळा सुरू झाली. सुरुवातीला आईबाप मुले द्यायला तयार नव्हते. मुलेही जंगलातून जशी आली तशी पळून जात. त्याच शाळेत शिकून पुढे माडिया मुले शिक्षक झाली, वकील झाली, डॉक्टर झाली. शिकारीत आई मेलेली जनावरांची पिल्लेही लोक आणून देऊ लागले, त्यातून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. मारून खाण्याऐवजी आणून देऊ लागले, हा बदल कोणत्याही भाषणाने झालेला नव्हता.

जंगलासाठी उभे राहिलेले बाबा

१९८० च्या दशकात या भागावर दुसरेच संकट आले. गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणे बांधण्याचा बेत होता. ती झाली असती तर हजारो हेक्टर जंगल आणि माडिया-गोंडांची कित्येक गावे बुडाली असती. नदीकाठच्या ज्या लोकांना जगाने कधी विचारले नव्हते, त्यांना आता उठायला सांगितले जाणार होते. धरणात गाव जाणे म्हणजे काय हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको. जायकवाडी आणि माजलगावच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्यांची घरे आजही आपल्या आसपास आहेत. पाणी हवे, हे खरे. पण कोणाचे घर बुडवून, आणि त्याला विचारून की न विचारता, हा प्रश्न उरतोच. बाबांनी जंगल बचाव, मानव बचाव अशी हाक दिली, आदिवासींना बरोबर घेऊन मोर्चे काढले. त्या वेळी ही धरणे मागे पडली.

पुढे त्यांनी पाठीच्या दुखण्यासह, गाडीत आडवे पडून, तरुणांबरोबर भारत जोडो यात्रा केल्या. पहिली १९८५-८६ साली कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत, दुसरी १९८८-८९ साली इटानगरपासून ओखापर्यंत. १९९० साली ते आनंदवन सोडून मध्य प्रदेशात नर्मदाकाठी कसरावद येथे राहायला गेले आणि बुडणाऱ्या गावांच्या शेजारी सुमारे दहा वर्षे राहिले. हा लढा मात्र यशस्वी झाला नाही. सरदार सरोवराची उंची वाढत गेली आणि गावे बुडाली. बाबांच्या आयुष्यात हार नव्हती असे कोणी म्हणू नये.

सन्मान अनेक मिळाले. १९८५ साली मॅगसेसे, १९९० साली टेम्पल्टन पुरस्कार. आपल्याला विशेष वाटावा असा एक सन्मान म्हणजे १९८३ चा डेमियन-डटन पुरस्कार. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांमध्ये राहून, त्यांचाच रोग अंगावर घेऊन १८८९ साली मरण पावलेल्या फादर डेमियन यांच्या नावाचा तो पुरस्कार आहे. फादर डेमियन यांना २००९ साली संतपद देण्यात आले. बाबा आपल्या पंथाचे नव्हते, आणि कर्मकांडात रमणारेही नव्हते. पण दोघेही ज्या वाटेने गेले ती वाट एकच होती. दोघांनीही दुरून मदत पाठवली नाही.

९ फेब्रुवारी २००८ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, बाबा आनंदवनात वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना दहन न करता मातीत ठेवण्यात आले. आपल्या देहाचा उपयोग निदान मातीला व्हावा अशी त्यांची भावना होती. त्याच वर्षी डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना हेमलकशातील कामासाठी मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला. तो पाहायला बाबा नव्हते. साधनाताई २०११ साली गेल्या.

आपल्या जिल्ह्यात

वाचकहो, हे वाचून आपण म्हणाल, की आपल्याकडे कुठे जंगल, कुठे अशा नद्या? खरे आहे. बालाघाटाच्या माथ्यावर उभे राहिले तर मैलोन्मैल उघडी जमीन दिसते. पण दूर हा शब्द केवळ किलोमीटरने मोजायचा नसतो. जेथे आजारी माणसाची वाट पाहणारे कोणी नाही, ते ठिकाण दूर.

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, फडाच्या कडेला कोपी घालून पाचसहा महिने राहतात. पहाटे अंधारात कोयता हाती घ्यायचा, दिवसभर मोळ्या बांधायच्या, रात्री गाडी भरायची. दवाखाना चार कोसांवर असला तरी खाडा पडेल म्हणून बाई दुखणे अंगावर काढते. मुलांची शाळा मध्येच सुटते. २०१९ साली आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाला समिती नेमावी लागली, हे आपण विसरलेलो नाही. त्या कोपीत आणि पुराने वेढलेल्या हेमलकशात फारसा फरक आम्हाला दिसत नाही. तेथे नदी आडवी येत होती, येथे उचल आडवी येते.

बाबांसारखे सर्वस्व सोडून जाणे सर्वांना जमणार नाही. त्यांनीही ते सर्वांकडून मागितले नाही. पण त्यांच्या आयुष्यातून एक गोष्ट मात्र प्रत्येकाने घेण्यासारखी आहे. तुळशीरामला पाहून ते पळाले होते, आणि मग परत गेले. आपणही अनेकदा पळतो. मोठेपण कधीच न पळण्यात नसते, परत फिरण्यात असते.

हे पत्रक आपल्या हाती पडेल तेव्हा उसाचा हंगाम चालू असेल. घरी जाताना आपल्या वस्तीत किती दारांना कुलूप आहे ते एकदा पाहा. कोणत्या घरी फक्त म्हातारी आजी आणि शाळेसाठी मागे ठेवलेले नातवंड आहे, त्यांच्याकडे औषध आहे का, रात्री कोणी डोकावते का, एवढे विचारून या. पुनरुत्थानाच्या सणाच्या आसपास टोळ्या परत येतील. तेव्हा त्यांना इतके तरी कळावे, की ते दूर असताना येथे कोणी तरी त्यांची आठवण ठेवून होते.